जेवायला आहेस का?

न्यूयॉर्क राज्यातलं एक जोडपं 2018 साली कोर्टाची पायरी चढलं, ते स्वतःच्या मुलाला घराबाहेर काढण्यासाठी. मुलगा 30 वर्षांचा. आधी त्यांनी त्याला पाच लेखी नोटिसा दिल्या. नव्या जागेसाठी हातभार म्हणून 1,100 डॉलर दिले. डॉलर गेले, मुलगा राहिला. कोर्टात तो वकिलाशिवाय स्वतःच उभा राहिला आणि निदान सहा महिन्यांची मुदत हवी म्हणाला. न्यायाधीशांनी निकाल आईवडिलांच्या बाजूने दिला.

ही बातमी आमच्या डोंबिवलीच्या घरात वाचली गेली, तेव्हा प्रत्येकाला धक्का वेगळ्याच ठिकाणी बसला. आमच्या ह्यांना बसला तो 1,100 डॉलरचा. तेव्हाच्या भावाने ते पाऊण लाखाच्या घरात जातात. एवढ्या पैशांत आमच्या चिरंजिवांनी नवा फोन घेतला असता आणि चार्जिंगला आमच्याच हॉलमध्ये लावला असता. मला नवल वाटलं पाच नोटिसांचं. सकाळचा चहा गाळून होईपर्यंत माझ्या पाच नोटिसा देऊन झालेल्या असतात. पलंगावरचा ओला टॉवेल ही पहिली आणि काल रात्रीचा न घासलेला डबा ही पाचवी. त्या लेखी नसतात, एवढाच काय तो फरक. सासूबाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण इतके दिवस त्याला जेवायला कोण घालत होतं?"

पुढे इटलीची बातमी आली. पाविया शहरातल्या 75 वर्षांच्या आईने 2023 मध्ये आपल्या दोन मुलांविरुद्ध दावा लावला. एक चाळिशीचा, दुसरा बेचाळिशीचा, दोघेही नोकरदार. घरखर्चाला पैसे देत नाहीत आणि कामाला हात लावत नाहीत, ही तिची तक्रार. कोर्टाने त्यांना डिसेंबरच्या 18 तारखेपर्यंत घर सोडायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "दोघांना? पंचाहत्तराव्या वर्षी?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "बेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाट बघायला नको होती तिने."

आपल्याकडेही कायदा झोपलेला नाही. आईवडिलांनी स्वकष्टाने घेतलेल्या घरात राहण्याचा मुलाला कायदेशीर हक्क नाही, मग त्याचं लग्न झालेलं असो वा नसो. तो तिथे राहतो तो त्यांच्या दयेवर, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केलं. ह्यांनी त्या बातमीचं कात्रण फ्रिजवर लावलं. चिरंजिवांनी पाण्याची बाटली काढता काढता ते वाचलं आणि म्हणाले, "दयेवर आहे ना बाबा? मग जरा दया करा आणि माझ्या खोलीत एसी बसवा." शिवाय ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा सांगतो, की म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक आहे. म्हणजे मुलाला आमच्याकडे राहायचा हक्क नाही, पण आम्हाला सांभाळायचं बंधन आहे. एवढा आमच्या बाजूचा कायदा असूनही आमच्या घरात त्याचा उपयोग एकच होतो. कात्रणामुळे फ्रिजवरचा एक चरा झाकला गेला आहे.

कॉलेज संपलेल्या, कमावत्या मुलांनी आईवडिलांकडे राहावं का, या विषयावर ह्यांचं मत ठाम आहे. राहू नये. पंखात बळ आलं की उडावं. हे सांगताना ते अण्णासाहेब कर्व्यांना बोलावतात. अण्णासाहेब परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला डोंगर तुडवत चालत गेले, आणि तिथे पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट ह्यांनी चिरंजिवांना ज्या दिवशी सांगितली, त्या दिवशी ते स्वतः त्याला परीक्षेच्या सेंटरवर गाडीने सोडायला निघाले होते. वाटेत त्याला झोप लागली. सेंटरवर हे त्याचं हॉलतिकीट, पाण्याची बाटली आणि दोन पेनं हातात धरून गेटशी उभे राहिले.

तसं बघितलं तर मराठी मुलगा घर सोडत नाही, हे खरं नाही. एके काळी गरिबाघरचा विद्यार्थी वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, अशी सात वारांना सात घरं. कोकणातला मुलगा मराठी चार इयत्ता झाल्या की बोटीत बसून मुंबईला काकाच्या खोलीवर यायचा. गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कितीतरी पुरुष राहायचे आणि खानावळीत जेवायचे. पण नीट पाहिलंत तर एक गोष्ट दिसेल. या सगळ्यांनी घर सोडलं. आयतं ताट सोडलं नाही. वारावर जेवणाऱ्याला सात घरच्या बायका वाढत होत्या, पुतण्याला काकू वाढत होती, गिरणी कामगाराला खानावळवाली वाढत होती. स्वावलंबनाच्या या सगळ्या थोर कथांमध्ये मागे चुलीशी कोणीतरी बसलेलं आहे, आणि कथा सांगणाऱ्याला तिचं नाव कधीच आठवत नाही.

धर्मशास्त्रानेही हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. गुरुघरी शिक्षण संपलं की सोडमुंज. त्यात मुख्य विधी स्नानाचा, आणि स्नान करून मुलाने यायचं कुठे, तर घरी. कॉलेज संपल्यावर घरी परतायला शास्त्राची पूर्ण संमती आहे; आमच्या चिरंजिवांनी त्यातला स्नानाचा भाग तेवढा सुटीच्या दिवशी दुपारी एकपर्यंत लांबवला आहे. सोडमुंजीत आणखी एक मजा असते. बटू काठी-छत्री घेऊन काशीला जायला निघतो, आणि मामा त्याला अडवून म्हणतो, जाऊ नकोस, माझी मुलगी तुला देईन. बटू लगेच परत फिरतो. कोणाच्याही मुंजीत काशीला पोचलेला बटू माझ्या ऐकिवात नाही. आमच्या मुलाने नोकरी लागल्यावर जाहीर केलं, की मी मित्रांबरोबर ऐरोलीला फ्लॅट घेऊन राहणार. ह्यांनी छाती फुगवून "जा" म्हटलं. मग रात्री माझ्याकडे येऊन म्हणाले, "अगं, त्याला सांग, त्याच्या खोलीत वेगळं वायफाय घेऊ." मामाची भूमिका वडिलांनी केली, एवढाच बदल.

वायफाय नसतं तरी तो फार लांब गेला नसता. नव्या इंजिनीयरचा पगार आणि ऐरोलीतल्या वनबीएचकेचं भाडं हे दोघे साधारण एकाच उंचीचे असतात. त्यात डिपॉझिट, त्यात ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. आणि पैसे असूनही भागत नाही, कारण बऱ्याच सोसायट्यांना बॅचलर मुलं चालत नाहीत. बॅचलर मुलं रात्री उशिरा येतात, मोठ्याने गाणी लावतात आणि कचरा वेळेवर बाहेर ठेवत नाहीत. आमच्या सेक्रेटरींनी या मुद्द्यावर सर्वसाधारण सभेत जोरदार भाषण केलं. ते बोलत असताना वरच्या मजल्यावरून गाण्याचा आवाज येत होता. तो त्यांच्या मुलाच्या खोलीतून येत होता, पण तो सभासदाचा मुलगा असल्यामुळे नियमात बसत होता. तेव्हा बॅचलर मुलाला ठेवून घेणारी एकच घरमालकीण शहरात शिल्लक राहते. ती म्हणजे त्याची आई.

आता प्रत्यक्ष राहण्याबद्दल. जगभरात या विषयावर स्वातंत्र्य, खासगीपण, जबाबदारीची जाणीव अशी मोठमोठी चर्चा चालते. फिनलंडची मुलं सरासरी एकविशीत घर सोडतात, क्रोएशियाची तिशी ओलांडल्यावर, अशी कोष्टकंही निघतात. माझा प्रश्न त्या मानाने लहान आहे. संध्याकाळी सात वाजता मी परातीत पीठ घेऊन उभी असते आणि मला एवढंच कळायला हवं असतं, की कणीक किती जणांची मळायची?

"जेवायला आहेस का?" हा मेसेज मी साडेपाचला पाठवते. त्यावर दोन निळ्या खुणा येतात. उत्तर येत नाही. मी तीन पोळ्या जास्त करते. साडेनऊला लॅच उघडल्याचा आवाज येतो आणि त्यापाठोपाठ "आई, मी खाऊन आलोय." दुसऱ्या दिवशी नाश्त्याला फोडणीची पोळी होते. मग एक दिवस मी शहाणी होते आणि मोजून पोळ्या करते. त्याच दिवशी तो सातला दारात उभा असतो, भुकेजलेला, आणि बरोबर एक मित्र. आमच्या घरातली फोडणीची पोळी म्हणजे मुलाच्या बेभरवशीपणाचं चटपटीत टिपण आहे. भरीला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ती त्याला आवडते.

घरून काम असलं की वेगळाच खेळ. मार्च 2020 मध्ये ऑफिस घरात शिरलं ते पुरतं बाहेर पडलंच नाही. त्याच्या खोलीचं दार बंद, आणि आतून इंग्रजीत एक अतिशय जबाबदार माणूस बोलत असतो. वेळेचं नियोजन कसं करावं, काम अंगावर घेऊन ते पूर्ण कसं करावं, असं तो कोणाला तरी समजावत असतो. दार उघडतं, आणि तोच माणूस मराठीत विचारतो, "आई, माझे मोजे कुठेत?" कुकरची तिसरी शिट्टी झाली की तो तोंडावर बोट ठेवत बाहेर येतो. मीटिंग चालू असते. त्याच्या मीटिंगसाठी घरातला पंखा, मिक्सर, कुकर आणि आजी यांनी म्यूट व्हायचं असतं. कुकर आणि आजी या दोघांनाही ती सोय नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. तो घरात आहे म्हणून गॅस वेळेवर बुक होतो. ह्यांच्या फोनमधली जागा संपली की रोज सकाळी येणारी गुलाबाच्या फुलांची शुभप्रभातं तो पुसून देतो. बँकेतून बोलतोय म्हणून सांगणाऱ्या माणसाला हे ओटीपी वाचून दाखवत असताना त्यानेच हातातून फोन काढून घेतला होता. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रात्री हॉस्पिटलमध्ये तो थांबला, आणि तिथून त्याने मला पहिल्यांदाच आपणहून मेसेज केला, "जेवलीस का?" त्यामुळे आमचा हिशेब कधी जुळत नाही. तो म्हणतो, मी तुमच्यासाठी राहतो. आम्ही म्हणतो, आम्ही तुला ठेवून घेतलंय. दोघेही खोटं बोलत नाही आणि दोघेही पुरतं खरं बोलत नाही. त्याला हवं असतं मोठ्या माणसाचं स्वातंत्र्य आणि दहावीतल्या मुलाची सरबराई. आम्हाला हवा असतो दहावीतल्या मुलाचा आज्ञाधारकपणा आणि मोठ्या माणसाची मदत. लबाडी दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून तर बरं चाललंय.

हे झालं मुलाचं. माझी एक भाची सीए आहे, ठाण्याला नोकरी करते आणि कल्याणला आईवडिलांकडे राहते. ती पगारातले पैसे घरात देते, सकाळचा चहा करते, आजोबांना डॉक्टरकडे नेते. तिने आईवडिलांकडे राहावं का, असं तिला कोणीच विचारत नाही. सगळे विचारतात, किती दिवस राहणार? मुलगा काहीच न करता घरचा मालक, आणि मुलगी सगळं करून पाहुणी. महाराष्ट्राने 1994 सालीच अविवाहित मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला, 2005 मध्ये तो देशभर मिळाला. पण तिच्या कपाटाकडे बघून घरातले अजून बोलतात, की हिचं लग्न झालं की इथे जादा गाद्या ठेवता येतील.

मीही घर सोडलं ते बाविसाव्या वर्षी, हातावर मेंदी असताना. त्याला कोणी स्वावलंबन म्हटलं नाही. आणि ते स्वावलंबन नव्हतंच. आईवडिलांकडे राहणं माझं सुटलं नाही, फक्त आईवडील बदलले.

ज्यांची मुलं खरोखर उडून गेली, त्यांच्याकडेही जाऊन पाहावं. पुण्याला सिंहगड रोडवर माझ्या जाऊबाई राहतात. तीन बेडरूमचा फ्लॅट, दोन्ही मुलं टेक्सासला. मुलाची खोली त्यांनी जशीच्या तशी ठेवली आहे. भिंतीवर तेंडुलकर आहे आणि टेबलावर बारावीचं फिजिक्स. फोनवर त्या मला सांगतात, "अगं, अजून त्याला घरात काय ठेवलंयस? पांगळा होईल तो." आणि लगेच विचारतात, "आज काय केलंस त्याच्या डब्याला?" मग सुनेचं बाळंतपण येतं आणि त्या सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. तिथे सगळी पात्रं उलटी होतात. सुनेच्या डिशवॉशरला त्यांनी हात लावायचा नसतो, फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो, आणि बाहेर फिरायला निघाल्या की मुलगा विचारतो, "आई, किती वाजेपर्यंत येशील?" मोठी मुलं आईवडिलांकडे राहत नसली, की आईवडील मोठ्या मुलांकडे राहतात. कुणाचा तरी ओला टॉवेल कुणाच्या तरी पलंगावर पडायचाच.

एवढा अभ्यास झाल्यावर मी ह्यांना विचारलं, की तुम्ही घर कधी सोडलंत? ते म्हणाले, "आमची गोष्ट वेगळी." उत्तर सासूबाईंनी दिलं. "हा कुठे गेला? गिरगावच्या खोलीत जन्मला. तिथूनच कॉलेजला, तिथूनच बँकेत. डबा मी द्यायची. चाळ सोडून डोंबिवलीला आलो तेव्हा सामानाबरोबर आला. लग्न झालं, मग डबा तू द्यायला लागलीस." त्यांनी हे कौतुकाने सांगितलं की तक्रारीने, ते मी विचारलं नाही. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॉलेज संपल्यावरही घरीच राहिलेली मुलं आमच्या घरात एक नाही, दोन आहेत. थोरल्याचं कॉलेज संपून पस्तीस वर्षं होऊन गेली, आणि त्याचेही मोजे मीच शोधते.

तेव्हा माझं मत असं. मुलांनी आईवडिलांकडे खुशाल राहावं. पंचविशीत राहावं, तिशीत राहावं. घर मोठं असेल तर बायकोसकट राहावं, बायकोची हरकत नसेल तर. वयाचा इथे संबंध नाही. संध्याकाळी सातला परातीशी उभं राहून ज्याला "आज जेवायला कोण कोण आहे?" हा प्रश्न पडतो, तो त्या घरचा. ज्याला तो कधीच पडला नाही, तो पन्नास वर्षं राहिला तरी नुसता राहायला आलेला. मुलाला घराबाहेर काढायची गरज नाही. त्याला स्वयंपाकघरात आत घेतलं की पुरे.

ही गोष्ट तोंडी सांगून पाहिली, पण तोंडी नोटिसांचा आमच्याकडे काय भाव आहे ते वर आलंच आहे. म्हणून मी रीतसर करार लिहायला घेतला. महाराष्ट्रात जागा वापरायला द्यायची तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. कर्जाचं व्याज थोडं कमी पडतं म्हणून फ्लॅट माझ्या नावावर घेतलेला आहे. त्यामुळे लिहिणारी मीच. मुदत रिवाजाप्रमाणे अकरा महिने.

कलमं सोपी ठेवली आहेत. जेवायला नसल्यास संध्याकाळी सहाच्या आत कळवावे; न कळवल्यास सकाळी फोडणीची पोळी स्वतः करावी, कांदा स्वतः चिरावा. टॉवेल दोरीवर. आठवड्यातून दोन दिवस कणीक मळणे, पैकी एक दिवस पोळ्या लाटणे. पोळीच्या आकाराबद्दल मालकीण काही बोलणार नाही. मोजे ज्याचे त्याने शोधावेत. घरमालकिणीवरही बंधनं आहेत. दारावर टकटक करणं आणि दार उघडणं यांच्यात निदान पाच सेकंद जातील. रात्री उशीर झाल्यास घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला जाणार नाही. लग्नाचा विषय फक्त दिवाळीत निघेल, आणि तोही फराळ संपेपर्यंत.

चिरंजिवांनी करार फोनवर वाचला. "डिपॉझिट किती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ते आम्हीच भरलंय, बालवाडीपासून." त्याने खांदे उडवले, कांदा चिरण्याचं कलम जाचक आहे म्हणाला, आणि सही केली. हे मागे उभे राहून समाधानाने मान डोलवत होते. पोराला शिस्त लागतेय, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. मग चष्मा लावून त्यांनी कागद जवळ घेतला आणि खालच्या बाजूला बोट ठेवलं.

"अगं, इथे परवानाधारक क्रमांक दोन असं लिहिलंयस. हा दोन नंबर कोण?"

"सही करा," मी म्हटलं. "सोमवार, बुधवार त्याचे. मंगळवार, गुरुवार तुमचे. अकरा महिन्यांनी नूतनीकरण कोणाचं करायचं, ते पोळ्या बघून ठरवीन."